गळ्यातलं पोलाद

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात कॅमेरा एखाद्या जनरलसाहेबांच्या चेहऱ्याजवळ जातो, तेव्हा आपलं लक्ष पदकांकडे जातं, टोपीकडे जातं, फार तर खांद्यावरच्या तलवार-दंडाच्या खुणेकडे जातं. कॉलरच्या दोन्ही टोकांना शिवलेली लाल कापडाची अरुंद पट्टी मात्र नजरेतून सुटते. भारतीय लष्करात ही पट्टी कर्नल आणि त्यावरच्या हुद्द्यांनाच मिळते. लेफ्टनंट कर्नल कितीही अनुभवी असला तरी त्याची कॉलर त्या बाबतीत कोरीच. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या कॉलरवरही अशीच पट्टी असते, तिचा रंग गडद निळा. लष्कराच्या नियमावलीत तिचं नाव आहे ‘गॉर्जेट पॅच’. पॅच समजतं. पण गॉर्जेट?

हा शब्द विचारायला गेलात तर कोणाला विचारता यावर उत्तर ठरतं. चिलखतांचा संग्राहक म्हणेल, घशावरचं पोलाद. मध्ययुगीन पोशाखांचा अभ्यासक म्हणेल, बायकांच्या गळ्याभोवतीचं तागाचं वस्त्र. अमेरिकेतला पुरातत्त्वज्ञ शंखाची कोरीव चकती दाखवेल, पक्षिनिरीक्षक हमिंगबर्डच्या लाल गळ्याकडे बोट करेल, आणि शस्त्रक्रियेच्या इतिहासात रमलेला डॉक्टर मुतखडा काढण्याचं एक भयंकर हत्यार पुढे ठेवेल. सगळेच बरोबर असतात.

मुळात शब्द फ्रेंच. ‘गॉर्ज’ म्हणजे घसा, आणि गॉर्जेट म्हणजे घशापुरती लहानशी गोष्ट. फ्रेंचमध्ये तो आला लॅटिन ‘गुर्गेस’वरून, ज्याचा अर्थ भोवरा, सगळं आत ओढून घेणारं पाणी. पाण्याचा भोवरा आणि माणसाचा घसा दोघेही गिळतात, म्हणून एक नाव दुसऱ्याला चिकटलं. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ हे कूळ ‘गिळणे’ या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूपर्यंत नेतात. संस्कृतमधला ‘गिरति’, आपलं ‘गिळणे’ आणि बहुधा ‘ग्रीवा’सुद्धा त्याच घरातले. संस्कृतात भोवऱ्याला ‘गर्गर’ असाही शब्द आहे, जो मराठी कानाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दोन डोंगरांमधल्या अरुंद खिंडीला इंग्रजीत गॉर्ज म्हणतात तेही यामुळेच. इंग्रजीतल्या ‘गॉर्जस’चं, म्हणजे झकपक देखणेपणाचं, नातंही काही कोशकार गळ्याभोवतीच्या नटव्या वस्त्राशी जोडतात. ते नातं पक्कं नाही, पण पटण्यासारखं आहे.

कापडी गॉर्जेट आधीचं. तेराव्या-चौदाव्या शतकात युरोपातल्या प्रौढ, विवाहित स्त्रिया हनुवटीखालून गळ्याभोवती पांढरं तागाचं वस्त्र गुंडाळत आणि त्याची टोकं केसांपाशी टाचण्यांनी अडकवत. ख्रिस्ती जोगिणींच्या पारंपरिक वेशात गळा झाकणारं पांढरं कापड असतं, ते त्याच पद्धतीचं उरलेलं रूप. पुढे सतराव्या शतकात खांद्यांवर पसरणाऱ्या रुंद कॉलरलाही इंग्लंडमध्ये हेच नाव मिळालं. कपड्यांच्या बाबतीत एवढं पुरे. हा शब्द रंगात आला तो लोहाराच्या हातात.

मानेइतकी अडचणीची जागा चिलखत घडवणाऱ्याला दुसरी नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या तिथे कातडीच्या जेमतेम खालून जातात, मधोमध श्वासनलिका, मागे मणक्यांची रांग. एक वार पुरतो. पण याच जागेला सतत वळायचं असतं, वाकायचं असतं, मागे बघायचं असतं. छातीवर सरळ पत्रा ठोकून भागतं, मानेवर ठोकला तर शिपाई बैलासारखा समोरच बघत राहील. सुरुवातीला यावर कड्यांच्या जाळीचा उपाय होता. टोपाच्या खालच्या कडेला जाळी लटकवायची आणि ती खांद्यांवर पसरू द्यायची. जाळी वाकते, पण भाल्याच्या नेमक्या टोकापुढे टिकत नाही, आणि जड फटक्याचा धक्का तर तशीच आत पोचवते. सोळाव्या शतकात जर्मन आणि इटालियन कारागिरांनी त्याचं उत्तर पोलादात काढलं.

संग्रहालयात अशा गॉर्जेटजवळ जाऊन पाहावं. काचेमागच्या पूर्ण चिलखतात ते दिसत नाही, सुटं ठेवलेलं असेल तरच त्याची करामत कळते. दोन पत्रे असतात, एक गळ्याच्या पुढे आणि एक मागे. डाव्या बाजूला बिजागरी, उजव्या बाजूला एक खुंटी आणि तिच्यावर बसणारं किल्लीच्या भोकासारखं छिद्र. पुढचा पत्रा छातीच्या वरच्या भागावर, मागचा पाठीवर पसरतो. वर गळ्याभोवती पोलादाच्या तीन-चार अरुंद कड्या एकीवर एक, रिव्हेटवर सैल बसवलेल्या, म्हणजे मान वळली की त्या एकमेकींत सरकतात. सगळ्यात वरची कड बाहेर वळवून तिला दोरखंडासारखा पीळ दिलेला. तो पीळ दिसायला शोभेचा, पण काम मोठं करतो. छातीवरून घसरत वर आलेलं तलवारीचं किंवा भाल्याचं टोक त्या वळावर अडतं, हनुवटीखाली शिरत नाही. काही जर्मन शिरस्त्राणांची खालची कड पोकळ खाचेची असे. ती बरोबर या पीळदार कडेवर बसते आणि टोप गळ्यावर गोल फिरतो, फट न पडता. ज्याने हा सांधा प्रथम बसवला त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण तो माणूस मोठा होता.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे गॉर्जेट उरलेल्या चिलखताची खुंटीच होतं. खांद्यांवरचे जड पत्रे त्यालाच पट्ट्यांनी किंवा खिळ्यांनी अडकवत. छातीचं कवच चढवण्याआधी ते गळ्यात घालावं लागे. म्हणजे योद्ध्याच्या वरच्या अंगावरचा बराच भार या एका गळपट्ट्यावर येई. 

आपल्याकडे मान राखायचा विचार याच्या कितीतरी आधीचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात अंगरक्षक साहित्याची यादी आहे. शिरस्त्राणानंतर लगेच ‘कंठत्राण’ येतं, मग कूर्पास, कंचुक, वारबाण वगैरे. कंठत्राणाचा घाट कसा होता हे ग्रंथ सांगत नाही, नुसतं नाव देऊन पुढे जातो. पुढच्या काळातल्या भारतीय आणि इराणी चिलखतांनी मात्र सुटा पोलादी गळपट्टा फारसा जवळ केला नाही. टोपालाच कड्यांची जाळी लटकवली, तिला झिलम म्हणत. ती मानेवर, कानांवर, कधी खांद्यांपर्यंत उतरे. उन्हाळ्यात घोड्यावर दिवसभर बसणाऱ्याला गळ्याभोवती बंद पत्र्यापेक्षा वारा खेळणारी जाळी परवडली असणार. मान उघडी राहण्याचा धोका किती खरा होता याचं एक चित्र आपल्या बखरीतच आहे. प्रतापगडच्या पायथ्याशी १६५९ साली अफजलखानाने शिवाजी महाराजांना मिठी मारताना त्यांची मान काखेत आवळली आणि कुशीत वार केला, असं बखरकार सभासद सांगतो. कुशीतला वार अंगातल्या चिलखताने वाया घालवला. आवळलेल्या मानेवर कसलंच त्राण नव्हतं, तिथे महाराजांचं बळ आणि चपळाईच उपयोगी पडली. भेटीला जाताना गळ्यात पोलाद घालून जाता येत नाही, ही यातली व्यावहारिक गोम.

युरोपात तोवर बंदूक आली होती. गोळी अडवेल इतका जाड पत्रा करायचा तर तो पेलवत नाही, आणि पेलवेल इतका पातळ केला तर गोळी अडत नाही. त्यामुळे चिलखत खालून वर गळत गेलं. आधी पायांवरचं गेलं, मग हातांवरचं. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याची गोष्ट इथे बोलकी आहे. १६२७ साली डिर्शाऊच्या लढाईत त्याच्या मानेजवळ खांद्यात गोळी रुतली आणि शल्यवैद्यांना ती काढता आली नाही. त्यानंतर खांद्यावर भार टाकणारं पोलाद त्याला सोसवेना. तो एल्क हरणाच्या जाड कातड्याचा कोट घालून लढू लागला, आणि १६३२ मध्ये लुट्झेनच्या रणांगणावर त्याच कोटात मारला गेला. तो कोट ऑस्ट्रियाच्या सैन्याने नेला आणि व्हिएन्नात ठेवला. पहिल्या महायुद्धात केलेल्या मदतीची जाण म्हणून ऑस्ट्रियाने १९२० साली तो स्वीडनला परत केला. आता तो स्टॉकहोमच्या राजशस्त्रागारात आहे, गोळ्यांच्या आणि वारांच्या छिद्रांसकट.

कातड्याचा कोट आला तरी गॉर्जेट लगेच गेलं नाही. उलट बाकी सगळं उतरल्यावर ते एकटंच कोटावर राहिलं, आणि तेव्हापासून त्याचा स्वभाव पालटला. चिलखतातला एक भाग होतं तोवर ते फक्त कामाचं होतं. एकटं उरलं तेव्हा ते लोकांच्या डोळ्यांत भरू लागलं. माणसाशी बोलताना आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि चेहऱ्याखाली लगेच गळा असतो. तिथे चमकणारं पोलाद म्हणजे हा माणूस लढवय्या, याची जाहिरात. रेम्ब्रांटने १६२९ च्या सुमारास, ऐन तेविशीत, स्वतःचं एक चित्र काढलं. केस विस्कटलेले, नजर थोडी उर्मट, आणि गळ्यात पोलादी गॉर्जेट. रेम्ब्रांट कधीच शिपाई नव्हता. गॉर्जेट त्याच्या चित्रशाळेतलं सामान असावं. या चित्राला पुढे एक गमतीचा फाटा फुटला. हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयातलं चित्र अनेक पिढ्या अस्सल मानलं जात होतं आणि न्यूरेंबर्गमधलं त्याची नक्कल. विसाव्या शतकाच्या अखेरीस अवरक्त किरणांनी तपासलं तेव्हा हेगच्या चित्राच्या रंगांखाली काळजीपूर्वक काढलेली आखणी सापडली. रेम्ब्रांट स्वतःचं चित्र असं आखून काढत नसे. नक्कल करणाऱ्यालाच आखणीची गरज लागते. आता न्यूरेंबर्गचं अस्सल आणि हेगचं नक्कल, असं मानलं जातं.

१६८४ साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने हुकूम काढला. पायदळाच्या कॅप्टनने सोनेरी रंगाचं, लेफ्टनंटने सोन्याच्या टिकल्यांचं काळं आणि सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याने रुपेरी गळकवच घालावं, म्हणजे कोण कोण ते लगेच ओळखू येईल. पोलाद आता हुद्द्याची पाटी झालं होतं. पाटी म्हणून ते लहान होत गेलं, आणि अठराव्या शतकात चंद्रकोरीइतकं उरलं. चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा दिलेला वाकवलेला पत्रा, वर राजचिन्ह कोरलेलं, दोन टोकांना रेशमी फिती, आणि त्या फिती कोटाच्या कॉलरवरच्या बटणांना अडकवायच्या. तलवारीचा वार सोडा, जोरात फेकलेला दगडही त्याने अडला नसता. अधिकारी कामावर आहे, एवढंच ते सांगे. १७७२ मध्ये चार्ल्स विल्सन पीलने चाळिशीतल्या जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र काढलं. व्हर्जिनिया रेजिमेंट सोडून त्याला तेरा-चौदा वर्षं झाली होती, तरी चित्रासाठी त्याने जुना गणवेश चढवला आणि गळ्यात ती चंद्रकोर बांधली. काही वर्षांनी तो ब्रिटिश राजाविरुद्धच लढला. गॉर्जेट मात्र टिकलं, ते आज बोस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे.

आपल्याकडे जालन्याजवळ असईला १८०३ मध्ये वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांशी भिडली, तेव्हाही ब्रिटिश पायदळी अधिकाऱ्याच्या पोशाखाच्या नियमात ही चंद्रकोर होती. १८३० साली ब्रिटिश सैन्याने ती रद्द केली. स्वीडिश सैन्यात कर्तव्यावर असलेल्या अधिकाऱ्याची खूण म्हणून ती आजही काही प्रसंगी गळ्यात दिसते. जर्मनीत तिला वाईट दिवस पाहावे लागले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्करी पोलीस गळ्यात साखळीने लटकवलेला पत्रा घालत. त्यावरची अक्षरं आणि बटणं अंधारात चमकणाऱ्या रंगाने रंगवलेली असत. पळून चाललेल्या शिपायांना पकडून गोळी घालण्याचे अधिकार त्यांना होते. शिपाई त्यांना ‘साखळीचे कुत्रे’ म्हणत.

युरोपात चंद्रकोर मावळत असताना अमेरिका खंडात तिने वेगळा संसार मांडला होता. इंग्रज आणि फ्रेंच दोघेही तिथल्या मूलनिवासी जमातींच्या प्रमुखांना चांदीच्या चंद्रकोरी भेट देत, म्हणजे तुम्ही आमच्या बाजूचे हे गळ्यातच दिसावं. फिलाडेल्फियाच्या सोनारांनी खास या व्यापारासाठी त्या घडवल्या. सेमिनोल जमातीचा नेता ओसिओला अमेरिकन कैदेत असताना जॉर्ज कॅटलिनने जानेवारी १८३८ मध्ये त्याचं चित्र काढलं. त्यात त्याच्या छातीवर एकाखाली एक अशा तीन रुपेरी चंद्रकोरी आहेत. त्याच महिन्याच्या अखेरीस तो कैदेतच गेला.

पण तिथल्या लोकांच्या गळ्यातले दागिने युरोपियनांची वाट पाहत बसलेले नव्हते. इसवी सन १००० ते १५०० च्या सुमारास मिसिसिपी खोऱ्यातल्या संस्कृतीत समुद्री शंखाच्या भिंतीतून कापलेल्या हाताच्या पंजाएवढ्या चकत्या गळ्यात घालत. त्यांवर कोळी, सुतारपक्षी, खुळखुळ्या साप आणि नाचणारे योद्धे कोरलेले असत. पुरातत्त्वज्ञांनी त्यांनाही गॉर्जेट म्हटलं, कारण हाताशी असलेला तयार शब्द तोच. हा शंख ज्या गोगलगायीचा, तिचं कवच मुळातच डावीकडे वळलेलं असतं. बहुतेक शंखांच्या उलट. आपल्याकडे ज्या दुर्मीळ शंखाला दक्षिणावर्ती म्हणून देव्हाऱ्यात मान आणि बाजारात भाव आहे, त्याचं वळण तेच. त्यामुळे मेक्सिकोच्या आखातातला हा स्वस्त आणि मुबलक शंख भारतात दक्षिणावर्ती म्हणून खपवला जातो. घेताना सांभाळून.

ऑस्ट्रेलियात या भेटीचं विडंबनच झालं. न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर मॅक्वारी याने १८१५ मध्ये बंगारी नावाच्या आदिवासी पुढाऱ्याला पितळी चंद्रकोर दिली आणि तिच्यावर ‘ब्रोकन बे टोळीचा प्रमुख’ असं कोरून घेतलं. बंगारी काही सामान्य माणूस नव्हता. दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सबरोबर तो संपूर्ण ऑस्ट्रेलियाला वळसा घालून आला होता. पण तिथल्या समाजांत युरोपियन अर्थाने वंशपरंपरागत राजे-प्रमुख नव्हते. गोऱ्यांना बोलायला एक माणूस हवा होता, म्हणून त्यांनी पदवीही घडवली आणि तिची पाटीही. पुढे शंभर वर्षं अशा पाट्या वाटल्या गेल्या. आज त्यांच्याकडे आदराने पाहावं की रागाने, यावर त्या लोकांच्या वंशजांतच दोन मतं आहेत.

तिकडे अमेरिका खंडात निसर्गवाद्यांनी हमिंगबर्डच्या गळ्यावरच्या झळाळत्या पिसांना हे नाव दिलं, आणि या शब्दाच्या सगळ्या अर्थांत मला हाच सर्वांत आवडतो. माणिककंठी हमिंगबर्डचा नर समोरून पाहिला तर गळा पेटल्यासारखा लाल, आणि त्याने मान जराशी फिरवली की तोच गळा काळाकुट्ट. कारण त्या पिसांत लाल रंगद्रव्य नसतंच. आत असतं मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांना काळं करतं तेच. पण त्याचे कण चपट्या चकत्यांसारखे असतात, त्यांच्या पोटात हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतात, आणि अशा चकत्यांचे थरावर थर रचलेले असतात. प्रत्येक थरावरून प्रकाश परततो, आणि थरांच्या जाडीवर ठरतं कोणत्या रंगाच्या लहरी एकमेकींना बळ देणार आणि कोणत्या मारणार. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याचंच हे काटेकोर रूप. पाठीच्या पिसांचे तंतू वाकलेले असतात, म्हणून पाठीची हिरवी चमक कुठूनही दिसते. गळ्याच्या पिसांचे तंतू सपाट आरशासारखे, म्हणून तिथला रंग एकाच दिशेला उसळतो. कॅलिफोर्नियातला अ‍ॅनाज हमिंगबर्ड मादीपुढे उंचावरून सूर मारताना आपली वाट सूर्याच्या दिशेने आखतो, म्हणजे गळ्यावरचा प्रकाश नेमका तिच्या डोळ्यांत जातो. अधिकाऱ्याच्या चंद्रकोरीला जे साधायचं होतं ते या पक्ष्याला काही ग्रॅम वजनात साधलं आहे.

आपल्या बागेत जास्वंदीवर येणारा चमकदार, वाकड्या चोचीचा पक्षी हमिंगबर्ड नसतो, तो शिंजीर. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर कुठेही नाहीत. शिंजिराची झळाळीही थरांच्याच किमयेची आहे, पण त्याच्या पिसांतल्या कणांची घडण निराळी. दोन वेगळ्या कुळांनी फुलांतल्या मधाच्या मागे लागून एकाच युक्तीपर्यंत मजल मारली.

शल्यवैद्यांचं गॉर्जेट मात्र या वाटेने आलेलं नाही. फ्रेंचमध्ये ‘गॉर्ज’चा आणखी एक अर्थ खोबण, पन्हळ. पन्हळीसारख्या पोकळ हत्याराला ‘गॉर्जरे’ म्हणत, ते इंग्रजीत गॉर्जेट झालं. भूल देण्याची सोय नसलेल्या अठराव्या शतकात मुतखडा काढताना रोग्याला बांधून ठेवत आणि मांड्यांच्या मधून मूत्राशयापर्यंत वाट करत. त्या वाटेने चिमटा आत सरकवायला ही पन्हळ लागे. लंडनच्या सीझर हॉकिन्स या सर्जनने तिच्या कडेला धारच लावली, म्हणजे एका ढकलीत कापणं आणि वाट करणं दोन्ही. हात चुकला तर आतडं फाटे. त्या काळी चेसेल्डन या सर्जनची मधल्या शिवणीच्या डाव्या बाजूने छेद घेण्याची पद्धत नावाजलेली होती. सुश्रुताने अश्मरीची जी शस्त्रक्रिया सांगितली आहे तीतही छेद सेवनीच्या डाव्या बाजूलाच, जवाच्या दाण्याएवढं अंतर सोडून, आणि खडा बाहेर ओढायला टोकाशी वाकडं असलेलं अग्रवक्र यंत्र. शरीररचना सगळीकडे तीच असल्यावर चांगले वैद्य एकाच जागी पोचणार.

शिंप्यांच्या जगातही या शब्दाचा मूळ भाग जिवंत आहे. सुटाच्या कोटावर कॉलर आणि पुढची उलटी पट्टी जिथे तिरक्या शिवणीने जोडली जाते, त्या शिवणीला गॉर्ज म्हणतात. ती कॉलरबोनच्या वर घ्यायची की खाली, यावरून कोटाचा काळ ओळखता येतो. १९८० च्या दशकातले सैल कोट पाहिले तर ती शिवण छातीकडे उतरलेली दिसेल. नंतर ती पुन्हा वर चढली.

आता त्या लाल पट्टीकडे वळू. चंद्रकोर फितीने कॉलरवरच्या बटणाला अडकवत, आणि त्या बटणाखाली रंगीत कापडाचा तुकडा असे. चंद्रकोर गेली, फीत गेली, बटण आणि कापड उरलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सैन्यात खाकी रुळली होती. खाकीत सगळेच सारखे दिसतात, आणि मुख्यालयातले अधिकारी चटकन ओळखू यावेत ही गरज होती. तेव्हा हा कापडी तुकडा कॉलरवर परत आला. म्हणजे ब्रिटिश सैन्याने जगभर नेलेली ही खूण प्रथम रुजली ती आपल्या इथल्या छावण्यांत. जुन्या घाटाची पट्टी जवळून पाहिली तर तिच्यात सगळा इतिहास सापडतो. टोकाशी एक छोटं बटण, आणि त्यापासून मधोमध खाली उतरणारी गोफाची बारीक रेघ. ते बटण म्हणजे चंद्रकोर अडकवायची जागा, आणि ती रेघ म्हणजे चंद्रकोरीची फीत. गळ्यातला दागिना काढून घेतल्यावर त्याची दोरी तेवढी शिवून ठेवावी असला हा प्रकार.

पहिल्या महायुद्धात या लाल पट्ट्यांचा चांगलाच तिटकारा निर्माण झाला. खंदकात चिखलात बसलेल्या शिपायांना लाल पट्टी म्हणजे मागे शॅटोमध्ये बसून नकाशावर रेघा मारणारा साहेब. युद्धानंतर ती मोजक्या वरिष्ठ हुद्द्यांपुरती मर्यादित झाली, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराने ती तशीच चालू ठेवली, वर हुद्द्याप्रमाणे तारे चढवून.

मानेवर पत्रा घालायची मूळ गरज मात्र अलीकडे पुन्हा उभी राहिली आहे, आणि ती रणांगणावर नाही. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूज उसळता चेंडू हुक करताना हेल्मेटच्या खाली मानेवर लागून कोसळला. मेंदूकडे जाणारी मानेतली धमनी फाटली होती. दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर हेल्मेटच्या मागच्या कडेला चिकटवायचे फोम आणि प्लास्टिकचे तुकडे आले. हेल्मेटवरून मानेवर लोंबणारे. जुन्या झिलमीचीच ही घडण, आणि कारागिरांचा जुना प्रश्नही परत आला, कारण फलंदाजाला मान वाकवून चेंडूखालून निसटायचंही असतं. म्हणून ते तुकडे फटी ठेवून बसवतात. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला, तेव्हा त्याने ते लावलेले नव्हते. लावले की गुदमरल्यासारखं होतं, हृदयाचे ठोके एकदम वाढतात, असं तो सांगत असे. ऑक्टोबर २०२३ पासून ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने वेगवान माऱ्यासमोर ते सक्तीचे केले, आणि स्मिथलाही हेल्मेटला ते अडकवूनच मैदानात उतरावं लागलं.